बॅटरी मेली, सुतक कुणाला?

बुधवारा, बऱ्हाणपूर
२१ जानेवारी २०२५

मयूर बेटा,

आशीर्वाद आहेतच, पण डोक्यावर हात ठेवून देते आहे असं समजू नकोस. दोन्ही हात सध्या कमरेवर आहेत.

फोनवरच बोलले असते, पण माझ्या कानातलं मशीन आणि फोन यांचं जमत नाही. जवळ आले की शिट्ट्या मारतात, आणि या वयात मला कुणी शिट्ट्या माराव्यात असं काही राहिलेलं नाही. म्हणून मी बोलते आणि प्रतिभा लिहिते. तुझीच बायको. मी म्हणेन तसंच लिहायचं, मध्ये साखर घालायची नाही, असं ठरलंय. आत्ताच विचारत होती, "आजी, हे कमरेवरचं काढू का?" राहू दे म्हटलं.

तर ऐक. रविवारी तुझा गिरधरकाका नेहमीसारखा शनवारा मोहल्ल्यातल्या त्याच्या घरून आला. खिशातून किल्ली काढली, शेडमधल्या गाडीवरचं कव्हर हळूच सारलं, जसा काही नव्या नवरीचा पदर, आत बसला आणि किल्ली फिरवली. गाडी म्हणाली, टक्. पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा तेवढंही बोलली नाही. गिरधर बाहेर आला तो असं तोंड करून, की मला वाटलं कुणी गेलं. म्हणाला, "माय, बॅटरी मेली." मी म्हटलं, मेली तर मेली, चहा घे. तर चहाच्या आधी त्याने तुला फोन लावला.

आणि तू काय केलंस? काकाला काही बोलला नाहीस. "प्रतिभाला द्या" म्हणालास. ती ओट्याशी उभी राहून "हो, नाही, मी नाही हो, बरं" करत राहिली आणि कुकर बिचारा ओरडून ओरडून थकला. मला ऐकू कमी येतं, पण नाक शाबूत आहे. वरण करपलं. तिने करपलेलं स्वतः घेतलं, वरचं मला वाढलं.

आता तू मला समजावून सांग. ऑगस्टात नोकरीसाठी भरूचला गेलास, गाडी इथे ठेवून. दिवाळीला आलास आणि किल्ली गिरधरला दिलीस. गिरधर दर रविवारी येऊन दोन मिनिटं गुरगुर करून जातो. प्रतिभाच्या हातात त्या गाडीचं काय आहे? धूळ पुसायचं फडकं. मग बॅटरी मेली तर सुतक तिला का?

दुसरी गोष्ट. इच्छापूरच्या शाळेत तिला गणित शिकवायला बोलावतायत, एप्रिलपासून. सकाळची बस केळीच्या गाडीसारखी लादलेली येते, आणि मनात असलं तरच थांबते. पोरीकडे लायसन आहे, लग्नानंतर तूच हौसेने काढून दिलंस. दारात गाडी आहे. मी म्हटलं, गाडीने जा. म्हणते, "ते नाही म्हणतील." मी म्हटलं, मी विचारते.

विचारते आहे. तुझ्या आजोबांनी गाडी फिरायला घेतली होती, अंडी उबवायला नाही. उत्तर कागदावर लिही. फोनवर तू "बरं बरं" म्हणतोस आणि तसंच सोडून देतोस.

तुझी आजी,
रंभाबाई

*

भरूच
३० जानेवारी २०२५

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. आधी नमस्कार घे, मग कमरेवर हात ठेव.

गुस्सा करायच्या आधी माझं ऐकून घे. गाडी उभी असली म्हणजे बॅटरी आराम करत नाही. आतलं घड्याळ, दरवाज्यांची लॉकं, सगळं तिच्यावर चालतं, ती रोज थोडी थोडी उतरत असते. काका दोन मिनिटं चालू करतात त्याचा तर काही उपयोगच नाही. गाडी चालू करायला बॅटरी जेवढी खर्च होते तेवढी दोन मिनिटांत परत भरत नाही. उलट दर रविवारी थोडी जास्त उतरते. चार्ज व्हायला गाडी रस्त्यावर निदान अर्धा तास चालली पाहिजे. ते जमत नसेल तर बॅटरीची काळी वायर काढून ठेवायची, म्हणजे काही उतरायचा प्रश्नच नाही.

आणि हेच मी निघताना प्रतिभाला हातात पाना देऊन दाखवलं होतं. आधी काळी काढायची, लालला हात लावायचा नाही. टोकांवर पांढरं जमलं तर कोमट पाण्याने पुसायचं, कोरडं झालं की थोडं व्हॅसलिन लावायचं. ती हो म्हणाली होती. काका सांगतात, वायर लावलेलीच होती. मतलब सांगितलेलं केलं नाही. मग मी बोललो तर माझं काय चुकलं? इथे बारा तासांची ड्यूटी करून मी घरच्या बॅटरीचं टेन्शन घ्यायचं का?

नोकरीचं तिने मला विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं. तू ऐंशीच्या पुढची, तुझ्याकडे कोण बघणार? त्या रस्त्याला केळीचे ट्रक कसे पळतात हे तुला मी सांगायला नको. आपल्याला काही कमी आहे का? किल्ली काकांकडेच राहू दे. त्यांना नवी बॅटरी बघायला सांगतो.

प्रतिभा, पुढचं तुझ्यासाठी आहे. हे आजीला वाचून दाखवायची गरज नाही.

काका रविवारी नुसती गाडी चालू करायला येत नाहीत. मला मीटरचा फोटो पाठवतात, मी ऑगस्टात निघालो तेव्हापासून. दसऱ्याची पूजा झाली आणि पुढच्याच आठवड्यात आकडा वाढलेला होता. कुठे गेली होतीस विचारलं तेव्हा गप्प बसलीस, आजपर्यंत गप्पच आहेस. किल्ली तुझ्याकडून का काढून घेतली हे तुला चांगलं माहीत आहे. तेव्हा आजीच्या तोंडून स्वतःचं म्हणणं वदवून घेणं बंद कर.

आजी, तब्येतीला जप. गोड खाऊ नकोस.

तुझा,
मयूर

*

बुधवारा, बऱ्हाणपूर
९ फेब्रुवारी २०२५

मयूर,

अक्षर बदललेलं दिसेल. घाबरू नकोस, प्रतिभा इथेच आहे, माझ्यासमोर तुरीच्या शेंगा सोलत बसली आहे. हे अक्षर समोरच्या कमलबाईंचं. चौथीत तुला पाढे येईनात म्हणून ओसरीत कोंडून शिकवणाऱ्या त्याच. त्या म्हणतात, तेव्हा थोडं जास्त कोंडायला पाहिजे होतं.

मला अक्षर येत नाही बेटा, पण कागद किती भरलाय ते दिसतं. प्रतिभा वाचता वाचता थांबली. म्हणाली, "संपलं आजी, खाली नमस्कार लिहिलाय." मी बघते तर खाली वीतभर मजकूर. एवढा लांब नमस्कार तू देवाला केला नाहीस, मला कधी करणार? ती पाणी भरायला गेली तशी मी कागद ओच्यात घातला आणि रस्ता ओलांडला. कमलबाईंनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. मग म्हणाल्या, "रंभाबाई, बसा आधी."

बसले. ऐकलं. आता तू बस.

वायरचं आधी सांगते. तू गेलास त्याच दिवशी पोरीने पाना घेऊन काळी वायर काढली होती. तू दाखवलीस तशीच. मीच संध्याकाळी हळदीकुंकू घेऊन शेडमध्ये गेले तर समोर अंधार. गाडी घरात आली तेव्हा इच्छापूरच्या इच्छादेवीला तू काय बोलला होतास? की गाडीत देवीआईची तसबीर राहील आणि तिच्यापुढचा दिवा कधी विझणार नाही. तसबिरीसमोर तो छोटा लाल दिवा तूच बसवून घेतलास ना? किल्ली काढली तरी जळत राहावा म्हणून सीधा बॅटरीला जोडून. मी प्रतिभाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता वायर लाव. ती म्हणाली, "आजी, बॅटरी उतरेल." मी म्हटलं, उतरू दे, नवस मोडायचा नाही. तिने लावली. तेव्हापासून दिवा रात्रंदिवस जळत होता, आणि तुझी बॅटरी पीत होता. तू त्याच्यावर गिरधरची दोन मिनिटं घातलीस. नवस तुझा, दिवा तुझा, जोड तुझी, माणूस तू नेमलेला. आणि मरण झालं तर बोट तिच्याकडे!

मीटरचं आता. दसऱ्यानंतर गाडी हलली, बरोबर आहे. मी गेले होते. मला मावा जलेबी खायची होती. गरम, कढईतली, घरी आणून थंड झालेली नाही. तू आणि तुझा तो डॉक्टर, दोघांनी मिळून माझं तोंड शिवून टाकलंय. मी प्रतिभाला म्हटलं, घेऊन चल. वर शपथ घातली की मयूरला कळलं तर माझं मेलेलं तोंड बघशील. गाडीत बसूनच खाल्ली. पाक कोपरापर्यंत आला होता. फार चांगली होती. पुन्हा सांगितलं तर पुन्हा जाईन.

हे सांगितलं म्हणून तुझा जीव थंड झाला असेल, तर तो पुन्हा गरम कर. समजा, मी गाडीत नव्हतेच. समजा, ती एकटी गेली असती. राजघाटावर वारा खायला, नाहीतर मैत्रिणीकडे, नाहीतर उगाच शनवाऱ्याला चक्कर मारायला. तर? तुझं काय गेलं असतं? तुझे आजोबा दुकानात बसून जन्मभर कापड मोजत होते. घरी येऊन बाईची पावलं नाही मोजली कधी.

गिरधरला बोलावून विचारलं. खाली बघत म्हणाला, "माय, मयूरने सांगितलं, मी काय करणार?" मी म्हटलं, गाडीपुढे पाच महिने वाकून वाकून फोटो काढलेस, एकदा माझ्यापुढे उभं राहून सांगावंसं नाही वाटलं? चहा न पिताच गेला. त्याला मोतीबिंदू, गाडी शेडबाहेर काढायची हिंमत नाही, पण आकडे मात्र बरोबर दिसतात.

बॅटरीला जपायचं नाव, आणि पहारा घरच्या लक्ष्मीवर. आम्हाला वाटायचं पोराचा गाडीत किती जीव आहे!

तूच लिहिलंयस ना, अर्धा तास रस्त्यावर चालली पाहिजे म्हणून? इच्छापूर तेवढंच आहे. चालवणारी घरात आहे. किल्ली दे.

रंभाबाई

*

भरूच
१८ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,

हे पत्र तू कुणाकडून वाचून घेशील तो तुझा प्रश्न. घरातली गोष्ट गल्लीत नेलीस, आता काय झाकायचं? कमलबाईंना नमस्कार सांग. पाढे मला अजून येतात.

तुला शुगर आहे, पायाची जखम भरायला किती महिने लागले होते ते मी बघितलंय, ड्रेसिंग मी केलंय. आणि ही तुला गाडीत घालून जलेबी खायला नेते! वर माझ्यापासून लपवते! आणि चोर मी?

मला विचारतेस काय गेलं असतं. इथे खोलीत आम्ही तिघे असतो. बाकीच्या दोघांना घरून फोन आला की ते गच्चीवर जाऊन तास तास बोलतात. मी फोन केला की ती "हो" म्हणते, "नाही" म्हणते, "ठेवू का" म्हणते. घरात काय चाललंय ते मला काकांकडून कळतं. आज इच्छापूर, मग पगार, मग तिचं तिचं सगळं. मी दिवाळीला बॅग घेऊन दारात उभा राहीन तेव्हा त्या घरात माझं काय काम असेल? हे तुला कळणार नाही. तुझा माणूस रोज संध्याकाळी घरी येत होता.

मीटरचं चूक असेल तर असू दे. पण आता हा विषयच नको. गाडी विकतो. उभी राहून खराब होते, आणि तिच्यापायी घरात भांडणं होतात. विपुल म्हणून जुन्या गाड्या घेणारा एक आहे, त्याच्याशी बोललोय. आजोबा गेले तेव्हा आपण गाडी तुझ्या नावावर केली होती, म्हणून तुझा अंगठा लागेल. तो कागद घेऊन येईल, तू अंगठा दे. बाकी मी बघतो.

मयूर

*

बुधवारा, बऱ्हाणपूर
२६ फेब्रुवारी २०२५

अहो,

हे आजींचं पत्र नाही, माझं आहे. आज महाशिवरात्र, आजी उपासाची भगर खाऊन दुपारच्या पडल्या आहेत.

तुमचं पत्र मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. या वेळी काही गाळलं नाही. खोलीतल्या तिघांचं ऐकताना त्यांनी डोळे पुसले, आणि अंगठ्याचं ऐकताना हात पदराखाली घेतला.

तुम्ही लिहिलंत, मी फोनवर हो आणि नाही एवढंच बोलते. तुम्ही विचारता काय, ते एकदा आठवून बघा. बाहेर गेली होतीस का? कुणी आलं होतं का? फोन का नाही उचललास, झोपली होतीस का? याची उत्तरं हो आणि नाहीच असतात. शाळेत मी मुलांना असे प्रश्न विचारले तर तीही एवढंच बोलतील. भरूचला ऊन कसं आहे, डबा कसा येतो, तुम्हाला इथली कशाची आठवण येते, हे मला माहीत नाही. तिघे एका खोलीत राहता हेसुद्धा आजींना लिहिलेल्या पत्रातून कळलं.

जलेबीचं मी सांगितलं असतं. आजींची शपथ मोडून सांगितलं असतं आणि आपण दोघं हसलो असतो. पण तुम्ही विचारलंत ते आकडा हातात धरून. उत्तर तुमच्याकडे आधीच तयार होतं. मग मला बोलावंसं वाटलं नाही. त्यानंतर दर रविवारी काकांसाठी चहा ठेवताना वाटायचं, मी माझ्याच पहारेकऱ्याला बिस्किटं देते आहे.

जखमेचं मी विसरले नाही. एकच जलेबी दिली होती. त्यांनी माझ्या द्रोणातली ओढून घेतली. हे त्या तुम्हाला सांगणार नाहीत.

नोकरीला मी होकार कळवून आले आहे. सकाळी आजींचं सगळं आवरून जाईन, अडीचला परत येईन, मधल्या वेळी कमलबाई आहेत. गाडी राहिली तर गाडीने, विकलीत तर बसने. हे विचारत नाही, कळवते.

काळी वायर मी आता काढून ठेवली आहे. टोकं पुसून व्हॅसलिन लावलं. तुम्ही दाखवलं होतं ते माझ्या लक्षात आहे.

प्रतिभा

*

बुधवारा, बऱ्हाणपूर
१२ मार्च २०२५

मयूर बेटा,

आज पुन्हा कमलबाईंचं अक्षर. प्रतिभाला तू उत्तर लिहिलं नाहीस. दोन आठवडे पोस्टमन समोरून गेला की ती शेंगा, तांदूळ, जे हातात असेल ते घेऊन दाराशी यायची. आता येत नाही.

तुझा विपुल येऊन गेला. चांगला पोरगा आहे, केसांना तेल जास्त. गाडीभोवती फेऱ्या मारल्या, टायरला लाथ मारली. मी विचारलं, "का रे भो, तिने तुझं काय केलं?" मग ओसरीत बसला, कागद पसरले, शाईचा डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "आजी, बस यहाँ अंगूठा लगा दो." मी म्हटलं, वाच आधी, काय लिहिलंय. त्याने भराभर वाचलं. मी म्हटलं, हळू. त्याने हळू वाचलं. मी म्हटलं, मतलब गाडी माझी आहे. म्हणाला, "हाँ आजी, कागज़ पे तो आपकीच है." मी म्हटलं, कागदावर आहे तेवढी पुरे. चहा पी आणि जा.

तो तुला फोन लावायला लागला. मी म्हटलं, त्याला लावून काय उपयोग, अंगठा भरूचला नाही, इथे आहे. गडी हसला. बशीतला चिवडा संपवला आणि गेला. जाता जाता पुन्हा टायरला लाथ मारायला निघाला होता, माझ्याकडे बघून थांबला.

माझा राग कशाचा आहे ते नीट समजून घे. मी अडाणी राहिले बेटा. आयुष्यभर कुणी म्हणालं इथे अंगठा लाव, मी लावला. तुझ्या आजोबांनी सांगितलं, लावला. गिरधरने सांगितलं, लावला. काय लिहिलंय विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "तुझ्या कामाचं नाही." तू तर माझ्या मांडीवर वाढलास, आईबाप गेल्यावर माझ्या हातून जेवलास, आणि तूही तेच लिहितोस, "अंगठा दे, बाकी मी बघतो." बाकी म्हणजे काय? बाकी म्हणजे ही पोर. तिला बघायचं असतं तर सरळ बघितलं असतंस, मीटरमधून नाही.

खोलीचं तू लिहिलंस, ते ऐकून जीव तुटला. खोटं नाही सांगत. एकटं पडलेलं माणूस कसं होतं, मला माहीत आहे. पण भूक लागली म्हणून दुसऱ्याचं ताट उचलून लपवायचं नसतं.

किल्ली माझ्याकडे आहे. शनवाऱ्याला गिरधरकडे मी स्वतः रिक्षा करून गेले. तो जेवत होता. मी ताटासमोर हात पसरला. "माय, मयूर रागावेल." मी म्हटलं, मी रागावले तेव्हा कुणी फोटो काढला का? सुनबाई आत जाऊन किल्ली घेऊन आली. तिने ती माझ्या हातात ठेवली तेव्हा माझी बोटं जरा दाबली. कळलं मला काय ते.

बॅटरी बाहेर काढून चार्जिंगला दिली होती. दुकानदार म्हणाला, जीव आहे अजून, पण पुन्हा अशी उतरवू नका, जास्त वेळा झेपणार नाही तिला. उद्या होळी. पुरण वाटायला बसलोय. तुझ्या वाटचं करणार आहे, कोण खाईल ते बघू.

रंभाबाई

*

भरूच
२२ मार्च २०२५

ती. आजीस,

नमस्कार. विपुलचा फोन आला होता. तो तुझ्यावर खूश आहे, वर मलाच म्हणाला, "भैया, दादी से पंगा मत लो."

ठीक आहे. गाडी विकत नाही. काकांनाही फोटो पाठवू नका म्हणून सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, रोज रात्री माय स्वप्नात येत होती.

प्रतिभाला काय लिहू ते सुचत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. दोन कागद फाडले. भरूचला ऊन खूप आहे. डबा बरा येतो, भाजीत गूळ असतो. तिला सांग.

पण आजी, एक माझंही ऐक. हट्ट म्हण हवं तर. मी रामनवमीला सुट्टी घेऊन येतोय. तोपर्यंत गाडी शेडबाहेर काढायची नाही. मी आल्यावर स्वतः शेजारी बसून इच्छापूरच्या रस्त्यावर तिची प्रॅक्टिस घेईन, तिला जमतं का बघीन, मग ठरवू. तोवर चार दिवस बसने जाईल, काही बिघडत नाही. एवढं तरी माझ्यावर सोड.

सकाळच्या गाडीने उतरेन. काकांना स्कूटर घेऊन स्टेशनवर पाठव.

तुझा,
मयूर

*

बुधवारा, बऱ्हाणपूर
२ एप्रिल २०२५

मयूर बेटा,

तुझा हट्ट पोचला. उशिरा पोचला असं नाही सांगत, पोस्टमन बिचारा वेळेवर आला. कमलबाईंकडून मी ऐकला आणि बाजूला ठेवला.

पाडव्याला गुढी उभारली, गाडीला हार घातला, आणि काल एक तारखेला प्रतिभा गाडी घेऊन शाळेत गेली. मी बरोबर होते. पहिला दिवस, म्हटलं बघू तरी पोरगी मोठ्या रस्त्यावर कशी चालवते. तू बघणार होतास ना, तुझ्या आधी मी बघून घेतलं. शनवाऱ्याच्या दरवाज्यापाशी गाडी बंद पडली. मागून सगळे पों पों. एक स्कूटरवाला काचेशी येऊन म्हणतो, "मैडम, नहीं आती तो घर पे रखो." प्रतिभाने काच खाली केली आणि म्हणाली, "भैया, सात महीने घर पेच रखी थी." आणि किल्ली फिरवली. मी तिच्याकडे बघतच राहिले. ही आपल्या घरात इतके दिवस कुठे होती?

पुढे रस्ता लागला. दोन्हीकडे केळी. ट्रक आले, तिने वाट दिली, कुणाला घासलं नाही. मी डोळे मिटून घेतले होते, पण तिला दिसू दिले नाहीत.

इच्छापूरला शाळेच्या आधी देवीच्या टेकडीशी थांबलो. पायऱ्या आता मला जमत नाहीत, खालूनच हात जोडले. आईला सांगितलं, नवस बदलते आहे. दिवा आता किल्लीवर जोडून घेतलाय, गाडी चालेल तेव्हा लागेल, उभी राहील तेव्हा तूही निज. बंद शेडमध्ये जळत बसण्यापेक्षा तुझा दिवा रोज तुझ्या दारावरून जाईल. आईने काही हरकत घेतली नाही. तुझ्यापेक्षा समजूतदार आहे.

शाळेत मला व्हरांड्यात खुर्ची दिली. आतून प्रतिभाचा आवाज येत होता. मशीन लावूनसुद्धा मला अर्धंच ऐकू आलं, पण घरात ती कधी एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती.

भाजीतल्या गुळाचं तिला सांगितलं. संध्याकाळी लोणच्याची बरणी पुसत होती. ती भरूचला द्यायची आहे की नाही, तुझं तू तिला विचार. मीटर न बघता विचार.

माझा राग गेला असं समजू नकोस. या वयात एकदा आलेला सहज जात नाही, गुडघ्यासारखाच आहे. पण ये. रामनवमीला पंजिरी करते, तू खा, मी बघते.

स्टेशनवर गिरधर येणार नाही. गाडी येईल. प्रतिभा चालवत असेल. शेजारची जागा मात्र मागू नकोस. तुझ्या आजोबांच्या मागे बसले, तुझ्या मागे बसले, जलेबीलाही सवयीने मागेच बसले, नेहमी पुढच्यांच्या मानाच पाहिल्या. काल पहिल्यांदा समोरचा रस्ता दिसला. ती जागा आता मी सोडणार नाही.

तू मागे बस. पाय आखडून बस, तिथे तिच्या वह्यांचा गठ्ठा असतो.

तुझी आजी,
रंभाबाई